वॉनमधल्या वाटांची मालकी

या देशात माझ्या मालकीची एक वस्तू आहे हे मला कळलं, तेव्हा ती हातची जायला तीन आठवडे उरले होते. तोवर माझं स्वतःचं म्हणाल तर चार लुगडी, एक पितळी डबा आणि दोन गुडघे. त्यातल्या गुडघ्यांवरही इथला डॉक्टर हक्क सांगायला लागला होता.

वस्तू म्हणजे माझ्या वाटा. आता वाट ही वस्तू कशी, असं कुणी विचारेल. मीही विचारलं होतं. उत्तर द्यायला सरकारला एक सबंध कायदा करायला लागतोय, तेव्हा मी जमेल तसं सांगते.

मला इंग्रजी वाचता येत नाही. मराठी येतं, तेही मी इथे, टोरोंटोजवळ वॉनला, येऊन शिकले. मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत नातीला, केयाला, पोचवायचं आणि सुटेपर्यंत मागच्या बाकावर बसायचं, कारण बाहेर बर्फ. अशा दोन हिवाळ्यांत केया बाराखडी विसरली आणि मी शिकले. पण इथल्या रस्त्यांवरच्या पाट्या काही मंडळ लिहीत नाही. त्यामुळे मी वाटा खुणांनी लक्षात ठेवते, आणि खुणा लक्षात राहतात त्या आधी एकदा नीट चुकल्यावर. मी पुष्कळ चुकले. एकदा देवळात जायला निघाले ती मालगोदामांच्या मधोमध उतरले. तिथे माणूस नाही, झाड नाही, नुसते ट्रक. एका सरदारजीने ट्रक थांबवून मला घरी आणून सोडलं. सून नीरजा दारात उभी होती, ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे माझ्यासारख्याच बायका गावाकडून येऊ लागल्या. मुलगा-सून कामाला, नातवंडं शाळेत आणि म्हातारी बेसमेंटमध्ये खिडकीतून बर्फाची पातळी बघत बसलेली. त्यांच्यासाठी मी फोनमध्ये वाटा बोलून ठेवायला लागले. म्हणजे असं: "डोनटच्या दुकानाकडे पाठ करून उभी राहा. समोर एका दात काढून हसणाऱ्या माणसाचं मोठं चित्र आहे. तो दातांचा डॉक्टर आहे की घरं विकणारा ते मला ठाऊक नाही, पण बस त्याच्या खाली थांबते. चढलीस की डाव्या हाताला बस. चर्च मागे पडलं की दोरी ओढ." देऊळ, दवाखाना, वाचनालय, भाजीचं दुकान, कुठे वॉशरूम स्वच्छ आहे आणि कुठे नुसतं बसलं तरी कुणी उठवत नाही, सगळं. बायका फोनवर एका चपलेच्या चित्राला बोट लावत आणि माझा आवाज सुरू होई. चप्पल केयाने काढून दिली होती.

हे सगळं राहत होतं माझ्या मुलाच्या, नंदनच्या, ऑफिसच्या खात्यात. माझा फोन भरला होता, त्याच्या खात्यात जागा होती, त्याने तिकडे टाकलं. आमच्याकडे आईचं सामान मुलाच्या कपाटात असतं, तसंच हे.

मग नंदनची कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली. नंदनला दुसरीकडे नोकरी मिळाली होती, त्यामुळे त्याला चिंता नव्हती. जेवताना त्याने सहज सांगितलं की महिनाअखेरीला जुनं खातं बंद होईल. मी म्हटलं, माझ्या वाटा काढून घे. तर म्हणाला, ऑफिसच्या खात्यातून काही बाहेर नेता येत नाही, त्यात जे असतं ते कंपनीचं.

"देवळाची वाट कंपनीची कशी?" मी विचारलं.

"टेक्निकली, आई," तो म्हणाला.

टेक्निकली हा शब्द मी ओळखते. तो आला की काम होणार नाही असं समजून ताट उचलायचं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या राजनला कळलं. राजन नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, दिवसभर घरूनच काम करतो, म्हणजे दिवसभर सल्ल्याला मोकळा. तो स्नो शोव्हल करता करता थांबला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही टेन्शन काहून घेऊन राहिल्या? ब्लॉकचेनवर टाका." मग त्याने अर्धा तास ते काय असतं ते समजावलं. मला एवढं उमगलं की ती एक अशी जागा आहे, जिथे वस्तू सगळ्यांना दिसते, कुणाला हलवता येत नाही आणि कामाला येत नाही. आमच्या गावी अशी पाण्याची टाकी होती. राजनला मी होय म्हटलं, कारण माझे पाय गारठले होते. त्याचा ड्राइव्हवे त्या दिवशी अर्धाच साफ झाला.

केयाचं म्हणणं त्याहून सोपं होतं. कानातलं न काढता ती म्हणाली, "आजी, जस्ट प्ले इट ऑन वन फोन अँड रेकॉर्ड ऑन द अदर." एका फोनवर वाजवायचं, दुसऱ्यावर उतरवून घ्यायचं. झालं. पंधरा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात विषय मिटवला होता आणि त्याच संध्याकाळी आम्ही तो मिटवलाही असता. पण त्याच संध्याकाळी चारुदत्तराव आले.

चारुदत्तराव ओकव्हिलला राहतात. इथे येऊन त्यांना पन्नासहून जास्त वर्षं झाली. निवृत्त इंजिनीयर, मंडळाच्या आद्य संस्थापकांपैकी एक, आणि कोट न काढता चहा घेणारे. त्यांनी सांगितलं की सरकार एक नवा कायदा करू पाहतंय. फोनमधल्या आणि संगणकातल्या वस्तूही घरादारासारखी मालमत्ता मानायच्या, म्हणजे त्या कुणाच्या आहेत हे ठरेल, त्या मागता येतील, वारसाला देता येतील. पण कायदा करण्याआधी तो सगळ्यांना सारखा लागू पडतो की नाही हे तपासायचं असतं. बायकांना कसा, म्हाताऱ्यांना कसा, बाहेरून आलेल्यांना कसा. त्याला समानतेवरचा परिणाम पाहणं म्हणतात. त्यासाठी सुनावणी होती आणि मंडळाला बोलावणं आलं होतं. मंडळाच्या स्थापनेपासून सरकारने कुठल्याही कारणाने बोलावण्याची ही पहिली वेळ. चारुदत्तरावांचा आवाज जरा ओला झाला.

आणि त्यांना एक उदाहरण हवं होतं. बाई, वृद्ध, बाहेरून आलेली, इंग्रजी न येणारी, आणि जिची मालमत्ता दुसऱ्याच्या खात्यात अडकलेली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोकणस्थ आमरसाकडे पाहतो.

मी सांगितलं की आमचं मिटतंय, केया उतरवून घेतेय. ते कप ठेवून म्हणाले, "वहिनी, तेवढं करू नका. प्रत काढलीत की तुमचं नुकसानच उरत नाही. नुकसान नाही, तर परिणाम कशाचा दाखवायचा?"

शिवाय त्यांचं म्हणणं पडलं की सुनावणीत या वाटा तुमच्या ठरल्या की तेच लोक कंपनीला लिहितील, आणि सरकारी पत्र कोण टाळतं. सुनावणी महिन्याच्या शेवटच्याच दिवशी होती, पण सकाळी. खातं बंद व्हायला अख्खा दुपारचा वेळ उरत होता. मी नंदनकडे पाहिलं. नंदनने नीरजाकडे पाहिलं. ऐंशी वर्षांचा माणूस ओकव्हिलहून बर्फातून गाडी चालवत आला होता. त्याला नाही कसं म्हणायचं, हे आम्हाला कुणालाच शिकवलेलं नाही. केया म्हणाली, "दॅट मेक्स नो सेन्स," आणि वर गेली. घरात तेवढी एकच मुलगी या देशात वाढलेली.

मग उपसमिती झाली. सुनावणीला नुसतं एक उदाहरण चालत नाही, आकडे लागतात, म्हणून चारुदत्तरावांनी वाचनालयातली एक खोली घेतली आणि माझ्या वाटांवर चालणाऱ्या बायकांना जमवलं. त्यांतल्या निम्म्या माझीच वाट ऐकत तिथवर पोचल्या होत्या, हे मी मनातल्या मनात मोजून घेतलं. चिवडा होता, थर्मासमधून चहा होता. चारुदत्तरावांनी समजावून सांगितलं की फोटो, आवाज, भजनाच्या चित्रफिती, नातवंडांचे निरोप, हे सगळं मालमत्ता आहे. मग एकेकीला विचारलं, तुमच्या मालकीचं असं काय काय आहे?

पहिली म्हणाली, आमचं कसलं, सगळं मुलाचंच. दुसरी म्हणाली, फोनसुद्धा जावयाचा जुना. तिसरीने विचारलं, हे सुनेला कळणार का. चौथीला अरुणा म्हणतात, माझ्याच गल्लीत राहते, तोंडाची तिखट. ती म्हणाली, "अहो, मी माझं म्हणायचं आणि संध्याकाळी सुनेने विचारायचं, मग आमचं काय? तुम्ही येणार का मध्ये पडायला?"

चारुदत्तराव म्हणाले, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. अरुणा म्हणाली, घर तत्त्वावर चालत नाही, मायक्रोवेव्हवर चालतं, आणि मायक्रोवेव्ह सुनेचा आहे.

मला चारुदत्तरावांची दया आली. हा मनुष्य सगळं आयुष्य पूल बांधत राहिला, पण बायकांशी बोलायला कुणी पूल बांधलेला नव्हता. खरं तर त्यात अवघड काही नाही. आमच्यात 'माझं' म्हणणारी बाई म्हणजे वेगळी चूल मांडायला निघालेली. बापाच्या जमिनीतला हिस्सा भावांना सोडताना कचेरीत आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले आणि बदल्यात भावजयीने साडी नेसवली. ती साडी नेसून हसत घरी आलो. इतक्या वर्षांची सवय असलेल्या बायकांना विचारताय, चपलेचं चित्र कुणाचं?

सगळ्यांची उत्तरं 'नाही' अशी लिहिली गेली. चारुदत्तराव गाडीत बसताना म्हणाले, आता सगळी मदार तुमच्यावर.

पुढचा आठवडा माझी तालीम चालली. रोज फोन. ते अधिकारी व्हायचे आणि विचारायचे, या वाटा कुणाच्या? मी म्हणायची, माझ्या. ते म्हणायचे, जरा ठामपणे. मी ठामपणे म्हणायची. मधेच कुकरची शिट्टी झाली की पहिल्यापासून. एका शब्दाची इतकी उजळणी मी बाराखडीच्या वेळीही केली नव्हती. तिकडे महिना सरत होता आणि केया जाता-येता दोन बोटं वर करून दाखवी, म्हणजे दोन फोन. मी मान हलवायची. आपण शब्द दिलाय.

सुनावणी टोरोंटोत, एका उंच इमारतीत. नंदनने अर्धा दिवस रजा काढली, मला नवे बूट आणले, पार्किंगसाठी तीन फेऱ्या मारल्या. खोलीत पाण्याच्या बाटल्या, मोठं गोल टेबल आणि पलीकडे अधिकारी बाई. मी कुणी करडी बाई असेल असं धरून बसले होते, तर ही भलतीच प्रेमळ निघाली. माझ्या वयाचीच, गळ्यात घरी विणलेला मफलर. तिने आधी मला विचारलं, थंडी वाजत नाही ना. दुभाषी म्हणून शिवांगी नावाची मुलगी होती, पुण्याची, नीटस, आणि एक अक्षर इकडचं तिकडे न करणारी. चारुदत्तरावांना आधी बोलायचं होतं. त्यांना वेळ दिला होता तो मंडळाच्या इतिहासातच संपला.

मग बाई माझ्याकडे वळली. वाटांबद्दल विचारलं. मी सांगितलं. दात काढणाऱ्या माणसाचं सांगितलं तेव्हा ती मनापासून हसली. मला बरं वाटलं. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं आणि तेच नडलं. एखादा आपल्याशी आपुलकीने बोलला की माणूस घरच्यासारखं बोलायला लागतो.

तिने विचारलं, शिवांगीने मराठीत सांगितलं, "आजी, या ध्वनिफिती कुणाच्या आहेत?"

नंदन माझ्या मागे बसला होता. गुडघ्यांवर माझी हातमोज्यांची पिशवी धरून. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. अशा पोराच्या देखत.

"कुणाच्या म्हणजे," मी म्हणाले, "मुलाच्याच. माझं काय आहे इथे?"

आठवडाभराची तालीम. मी शिवांगीकडे पाहिलं. एखादी मुलगी अशा वेळी जरा खोकली असती, म्हाताऱ्या माणसाला दुसरी संधी दिली असती. पण ती कामाला चोख. जसंच्या तसं सांगून मोकळी झाली. बाईने मान डोलावली, लिहून घेतलं, आणि मला म्हणाली की तुमचा मुलगा फार भाग्यवान आहे. चारुदत्तराव उभे राहिले, त्यांना वेळ संपल्याची आठवण दिली गेली, ते बसले. इतका आवाज न करता बसलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

परत येताना हायवेवर दोन ट्रक आडवे झालेले. आम्ही जागच्या जागी. नंदनने घरी फोन केला, केया दोन्ही फोन घेऊन बसली, चपलेला बोट लावलं. काही नाही. कंपनीच्या नव्या मालकांनी दुपारच्या जेवणाआधीच कुलूप लावलं होतं. महिनाअखेर म्हणजे रात्री बारा, ही आमची समजूत. त्यांची वेगळी होती, आणि वस्तू त्यांचीच, टेक्निकली.

नंदनने फोन ठेवला. मग म्हणाला, "तू माझ्या का म्हणाली नाहीस, आई?"

मी म्हणाले, तू मागे बसला होतास. त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे. पुढचा ट्रक हलला.

वसंतात अहवाल आला. नीरजाने वाचून दाखवला. त्यात आमच्यासाठी स्वतंत्र ओळ होती: ज्येष्ठ मराठीभाषक स्त्रिया, परिणाम आढळला नाही, कारण आपल्याकडे अशी मालमत्ता नसल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. नीरजाने ते दोनदा वाचलं. मग तिने मला माझ्या नावाचं खातं उघडून दिलं, मी मागितलं नव्हतं. चारुदत्तरावांनी मात्र ती ओळ चौकटीत लावून मंडळात टांगली. स्वतंत्र ओळ गुजराथ्यांनाही मिळाली नाही, म्हणाले.

नव्या खात्यात काही नव्हतं. सगळे म्हणायचे, पुन्हा बोला ना, त्यात काय. त्यात काय ते मला माहीत. त्या प्रत्येक वाटेवर मी आधी हरवले होते. पुन्हा तेवढं हरवायची या गुडघ्यांची तयारी नव्हती. शिवाय बायका आता काय करत असतील, हा घोर. बसल्या असतील पुन्हा खिडक्यांत. अरुणाला विचारायची हिंमत झाली नाही. मी घरातच राहू लागले. मीच बसले खिडकीत.

मे महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि त्या दिवशी घरात कुणी मोकळं नव्हतं. मी निघाले. डोनटच्या दुकानाकडे पाठ केली, दात काढणाऱ्या माणसाखाली जाऊन उभी राहिले. एक बस पुढे निघून गेली, दुसरी गेली. थांबेना.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक बाई आली. साडीवर पार्काचा जाड कोट, पायात मुलाचे वाटावेत असे बूट. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला पाहून ती थांबली आणि नवीन आलेल्यांशी बोलतात तशा आवाजात विचारू लागली, कुठे जायचंय. मी सांगितलं. तर ती म्हणाली, सोपं आहे, लक्षात ठेवा. आणि बोलायला लागली. चढलं की डाव्या हाताला बसायचं. चर्च मागे पडलं की दोरी ओढायची. उतरलं की उजवीकडे, गॅसच्या पंपाशी एकदा शिंकायचं, आणि सरळ.

"शिंकायचं कशाला?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण आमच्यात सगळ्याजणी शिंकतात. ज्यांनी शिकवलं त्यांनी तसंच सांगितलंय."

मला आठवलं. ती वाट बोलताना पंपाशी मला शिंक आली होती आणि पुसायची कशी ते येत नव्हतं. बायकांनी ऐकून ऐकून सगळं पाठ केलं होतं, खात्याशिवाय, कंपनीशिवाय, आणि एकीकडून दुसरीकडे देत गेल्या होत्या. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण त्याआधी पायापासून डोक्यापर्यंत दुसरंच काहीतरी चढलं.

"बाई," मी म्हणाले, "ती माझी वाट आहे. ती शिंकसुद्धा माझी आहे."

शब्द असा स्वच्छ आणि ठाम निघाला की चारुदत्तराव असते तर रडले असते. पण समोर ना अधिकारी बाई, ना शिवांगी. गाड्या चालल्या होत्या.

बाईने माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं.

"असेल हो तुमची," ती म्हणाली. "पण हा स्टॉप हलवलाय. मार्चपासून इथे थांबत नाही. चला."

तिने माझा दंड धरला, मला रस्ता ओलांडून पलीकडे नेलं आणि नव्या खुणा सांगितल्या. त्या चांगल्या होत्या, मला कबूल करायला हवं. बस आली. ती आधी चढली, माझं कार्ड माझ्या हातातून घेऊन यंत्राला लावलं आणि ड्रायव्हरला तिच्या इंग्रजीत म्हणाली:

"शी विथ मी. शी न्यू."